फुकटवाल्यांच्या मेळाव्यात विकणाऱ्यांचा स्टॉल : कंपनी तिथं का येते आणि तुम्ही काय विचारायचं?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं ते पाहिलं. त्यात लिबरऑफिस, वर्डप्रेस आणि ईआरपीनेक्स्ट ही तीन ओपन सोर्स नावं मी घेतली होती. त्यावर अकोटच्या बॅचमधल्या एका पोरानं प्रश्न विचारला. तो नागपूरला शिकतो आणि अशा एका कार्यक्रमाला जाऊन आला होता.

"सर, कार्यक्रम ओपन सोर्सवाल्यांचा होता. पण स्टॉल पाहावं तर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे. टी-शर्ट फुकट, जेवण फुकट. हे लोक काहून पैसे लावतात बॉ? फुकटवाले वाढले तर यांचाच धंदा बसन ना?"

प्रश्न एकदम धंद्याचा आहे. याचं उत्तर ज्याला नीट समजलं, त्याला उद्या अशाच एखाद्या स्टॉलवर "एक वर्ष फुकट वापरा" म्हणून काही दिलं, तर ते घ्यायचं का, घेतलं तर कुठपर्यंत वापरायचं, हे ठरवता येईल. तुमच्या दुकानाचे गिऱ्हाईक, उधारी, स्टॉक, बिलं सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार आहे. म्हणून आज हा विषय सविस्तर घेऊ.

आधी दोन शब्द साफ करू

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना पाहता येतो, वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो. बंद सॉफ्टवेअर म्हणजे कोड कंपनीच्या तिजोरीत. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. टॅली, एमएस ऑफिस ही बंद सॉफ्टवेअर.

इथं पुष्कळ जण गल्लत करतात. फुकट आणि खुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सॲप फुकट आहे, पण खुलं नाही. उलट वर्डप्रेस खुलं आहे, पण त्यावर वेबसाइट बनवून देणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेतो आणि त्यात काहीच चूक नाही.

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे कपाशीवरून लगेच समजतं. सरळ वाणाची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित बीटी बियाणं दरवर्षी नवीन पाकीट आणावं लागतं. दोन्हीचे फायदे-तोटे आहेत आणि २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यानंतर आपल्याच शेतकऱ्यानं ते पैसे मोजून घेतलं, कारण त्याला बोंडअळीपासून पीक वाचवायचं होतं. पण घेताना त्याला माहीत असतं की पुढच्या मृगाला पुन्हा दुकानात यावं लागणार. सॉफ्टवेअर घेताना आपल्याला एवढंही माहीत नसतं, अडचण तिथं आहे.

हे मेळावे असतात तरी काय?

खुलं सॉफ्टवेअर बनवणारे लोक जगभर विखुरलेले असतात. ते वर्षातून एखाद-दोनदा भेटतात, भाषणं करतात, एकत्र बसून कोड लिहितात, नवीन पोरांना शिकवतात. महाराष्ट्रात ही परंपरा चांगली जुनी आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'जीएनयुनिफाय' हा मेळावा वर्षानुवर्षं भरत आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'द्रुपलकॉन आशिया' मुंबईत आयआयटीच्या पवई कॅम्पसमध्ये झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'पायकॉन पुणे' झाली. वर्डप्रेसवाल्यांचे 'वर्डकॅम्प' मुंबई, पुण्याबरोबर नागपूरलाही झालेले आहेत आणि 'वर्डकॅम्प आशिया २०२६' साठी तर मुंबईचीच निवड झाली.

आता हॉल, जेवण, माइक, इंटरनेट, व्हिडिओ शूटिंग याला पैसा लागतो. आयोजक बहुतेक स्वयंसेवक असतात. विद्यार्थी, नोकरदार यांना परवडावं म्हणून तिकीट कमी ठेवतात. उरलेला पैसा प्रायोजकांकडून येतो. आणि प्रायोजकांच्या रांगेत बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्याही उभ्या असतात.

मायक्रोसॉफ्टनं असं काय पाहिलं?

या विषयातलं सगळ्यात मोठं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. २००१ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सरची उपमा दिली होती. आणि २००८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टनं ओपन सोर्सच्याच एका परिषदेत जाहीर केलं की आम्ही अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला प्रायोजक म्हणून वर्षाला १ लाख डॉलर देणार. २०१४ मध्ये नवे प्रमुख सत्य नडेला यांनी 'मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे' असं स्टेजवर सांगितलं. २०१६ मध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची सर्वांत वरच्या दर्जाची सभासद झाली आणि २०१८ मध्ये खुला कोड जिथं ठेवला जातो ते गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा जाहीर केला.

मन बदललं का? असेलही. पण आपण धंदेवाले, आपण आधी हिशेब पाहू.

मायक्रोसॉफ्टकडे हायपर-व्ही नावाचं एक उत्पादन होतं. एका मोठ्या मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायचं ते साधन. गिऱ्हाईक म्हणत होतं, मला त्यात लिनक्सही चालवायचं आहे. लिनक्स नीट चाललं नाही तर हायपर-व्ही विकलं जाणार नाही. म्हणून जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुमारे २० हजार ओळींचा कोड लिनक्सला दिला, तोही लिनक्सच्याच खुल्या लायसन्सखाली. त्याआधी एका लिनक्स डेव्हलपरनं दाखवून दिलं होतं की या ड्रायव्हरमध्ये खुला कोड आणि बंद कोड एकत्र जोडलेला आहे, म्हणजे लायसन्सचा भंग होतो. आपण कोड त्यामुळे दिला, हे मात्र कंपनीनं मान्य केलं नाही.

पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. कोड देऊन दोन महिने होत नाहीत, तोच तो कोड सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीरपणे सांगितलं की मायक्रोसॉफ्टची माणसं कोड टाकून गायब झाली आहेत. झाड लावायच्या कार्यक्रमाचा फोटो झाला आणि पाणी घालायला कोणी नाही, असं. टीका झाल्यावर कंपनीनं माणसं कामाला लावली. २०११ मध्ये लिनक्सची ३.० आवृत्ती आली, तेव्हा त्यात सर्वाधिक बदल ज्या एका डेव्हलपरच्या नावावर होते तो मायक्रोसॉफ्टचा होता.

त्याच काळात ॲझ्युर आलं, म्हणजे कंपनी आपले कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्यानं द्यायला लागली. २०१५ मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईलाही त्यांची डेटा सेंटर सुरू झाली. आज ॲझ्युरवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरपैकी निम्म्याहून जास्त लिनक्सवर चालतात. मग लिनक्स फुकट राहिलं, चांगलं झालं, तर मायक्रोसॉफ्टचं नुकसान कुठं आहे?

आपल्या भाषेत सांगतो. गहू स्वस्त झाला तर चक्कीवाल्याचं काय बिघडतं? दळण वाढतं. चक्कीवाल्यानं गव्हाच्या मेळाव्यात पाण्याची टाकी लावली तर तो दानशूर झाला असं नाही, आणि चोरही झाला नाही. तो आपलं दळण पाहतो आहे. पुढच्या वेळी कोणतीही कंपनी स्टॉलवर दिसली की हा एक प्रश्न मनात विचारा : याची चक्की कुठं आहे?

कंपनीच्या खिशात काय पडतं?

चक्कीशिवाय आणखी तीन गोष्टी असतात.

१. माणसं. चांगला प्रोग्रामर पेपरात जाहिरात देऊन सापडत नाही. तो अशा मेळाव्यात स्वतःचं काम दाखवत असतो. स्टॉलवरची निम्मी मंडळी भरतीसाठीच आलेली असतात.

२. कान. लोक कशानं वैतागलेत, पुढे काय वापरणार आहेत, हे चहाच्या रांगेत उभं राहून समजतं. तुम्ही बाजार समितीत उगाच एक चक्कर मारता ना, तसं.

३. वजन. जो वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं देतो, त्याच्या सोयीचं काम आधी होतं. हे नेहमी वाईट असतं असं नाही, पण होतं एवढं लक्षात ठेवा.

आपल्या देशातली दोन उदाहरणं

झिरोधाचं काइट ॲप तुमच्यापैकी पुष्कळांच्या मोबाईलमध्ये असेल. शेअर घेण्या-विकण्याचं ते ॲप खुलं नाही, त्याचा कोड कंपनीकडेच आहे. पण आतली यंत्रणा मोठ्या प्रमाणात खुल्या सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि कंपनी ते उघडपणे सांगते. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'फॉस युनायटेड' या संस्थेमागे झिरोधा आणि मुंबईची फ्रॅपे या दोन कंपन्या आहेत. ही संस्था 'इंडियाफॉस' परिषद भरवते, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत छोट्या भेटी घडवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधानं खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. ज्या विहिरीचं पाणी पितो तिचा गाळ काढायला पैसे देणं, असं समजा. विहीर आटली तर पहिला फटका त्यांनाच आहे.

फ्रॅपेची गोष्ट तर आपल्या घरची वाटेल. रुषभ मेहता हे घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर शोधत होते. हवं तसं मिळेना, म्हणून स्वतः लिहायला बसले. त्यातून ईआरपीनेक्स्ट झालं. ते पूर्ण खुलं आहे. कंपनी पैसे कमावते ते सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि सेवेचे.

याच्या शेजारी ओडू ठेवून पाहा. बेल्जियमची कंपनी, आपल्याकडेही तिचा वापर आहे. तिच्या दोन आवृत्त्या आहेत : कम्युनिटी खुली, एंटरप्राइझ बंद. बिल कम्युनिटीत निघतं, पण पूर्ण अकाउंटिंग हवं असेल तर एंटरप्राइझ घ्यावी लागते. यात फसवणूक नाही, सगळं लिहिलेलं आहे. पण स्टॉलवर 'ओपन सोर्स' एवढाच शब्द ऐकून तुम्ही दुकान त्यावर चढवलं आणि मार्चएंडला समजलं की पाहिजे ते कप्पे कुलपात आहेत, तर दोष कोणाला देणार?

दारावरचा नियम आणि २०२४ चं भांडण

प्रायोजक आला की मेळावा त्याचाच होणार, अशी भीती सगळ्यांना असते. वर्डप्रेसवाल्यांनी त्यावर एक नियम केला. वर्डकॅम्पला प्रायोजक व्हायचं तर वर्डप्रेसवर बनवलेली तुमची थीम, प्लगिन यांना वर्डप्रेससारखंच खुलं लायसन्स लागतं. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपन्या त्यात बसतात, कारण त्या जागा विकतात. पण जो वर्डप्रेसवर काम करून त्याला कुलूप लावतो, त्याला स्टॉल नाही. साधा नियम आहे आणि दारावरच लावलेला आहे.

तरीही भांडण झालंच. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर स्टेजवरून कडक टीका केली. ही कंपनी वर्डप्रेसवर भरपूर कमावते आणि परत फार कमी देते, हा त्यांचा मुद्दा होता. गंमत म्हणजे ती त्याच कार्यक्रमाची प्रायोजक होती! मुलेनवेग स्वतः ऑटोमॅटिक या कंपनीचे प्रमुख, तीही वर्डप्रेसवरच कमावते. त्यांनी ट्रेडमार्कपोटी उत्पन्नाचे ८ टक्के मागितले. मग डब्ल्यूपी इंजिनचा वर्डप्रेस डॉट ऑर्गचा रस्ता बंद केला गेला. ऑक्टोबरमध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरमध्ये कोर्टानं तो रस्ता तात्पुरता पुन्हा उघडायला लावला.

दोघांमध्ये बरोबर कोण, यावर तासभर वाद घालता येईल. तुम्ही मधल्या माणसाकडे पाहा. ज्या छोट्या दुकानदाराची वेबसाइट डब्ल्यूपी इंजिनवर होती, त्याच्या प्लगिनचे अपडेट नेहमीच्या वाटेनं येणं अचानक थांबलं. रेड्यांची झुंज अन् झाडाचा काळ.

मात्र त्या दुकानदाराकडे एक गोष्ट होती. वर्डप्रेस खुलं असल्यामुळे तो आपल्या साइटचा बॅकअप घेऊन दुसऱ्या होस्टिंगवर बिऱ्हाड हलवू शकत होता. त्रास झाला असता, थोडा खर्च आला असता, पण दार उघडं होतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये असं भांडण झालं असतं तर? म्हणून मी म्हणतो, कंपनी स्वभावानं चांगली की वाईट याचा शोध लावत बसू नका. बाहेर पडायचं दार कुठं आहे ते आधी पाहून घ्या.

स्टॉलवर विचारायचे चार प्रश्न

हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

१. माझा डेटा बाहेर कसा निघतो? आत्ता काढून दाखवा. "निघतो साहेब" हे उत्तर चालणार नाही. त्यांच्याच लॅपटॉपवर गिऱ्हाइकांची यादी, स्टॉक आणि जुनी बिलं एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये काढायला सांगा. नुसती पीडीएफ मिळाली तर तो डेटा छापील कागदासारखा झाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकता येणार नाही.

२. ऑफर संपल्यावर दर काय? क्लाउडचे फुकट क्रेडिट नवीन धंद्याला खरंच उपयोगी असतात. घ्या. पण ते संपल्यावर महिन्याचं बिल किती येईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर काढा. ते बिल तुमच्या धंद्याला पेलणार नसेल तर त्या क्रेडिटवर प्रयोग करा, दुकान चढवू नका.

३. ज्या प्रकल्पाच्या मेळाव्यात उभे आहात, त्याला तुम्ही काय देता? पैसा, कोड की माणूस? कधीपासून? खरंच काम करणारी कंपनी हे उत्तर आवडीनं देते. २००९ ची गोष्ट आठवा : दिलं किती यापेक्षा नंतर सांभाळलं का, हे पाहा.

४. खुलं काय आणि कुलपात काय? दोन याद्या मागा. तुमच्या धंद्याला रोज लागणारं काम कोणत्या यादीत आहे ते तपासा.

चारही उत्तरं नीट मिळाली तर बंद सॉफ्टवेअरही खुशाल घ्या. तुमच्या सीएला टॅली सोयीचं असेल आणि त्यामुळे तुमचे चार तास वाचत असतील, तर तत्त्वासाठी धंदा अडवू नका. फक्त घ्यायचं तर लायसन्स घेऊन घ्या. पायरेटेड सॉफ्टवेअर ना खुलं, ना बंद. ते चोरीचं, आणि त्यासोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

तुमचाही स्टॉल लागू शकतो

आता दुसरी बाजू. आतापर्यंत आपण गिऱ्हाईक म्हणून विचार केला. पण तुमच्यापैकी कितीतरी जण वेबसाइट बनवणं, दुकानांना सॉफ्टवेअर बसवून देणं, ट्रेनिंग देणं हा धंदा सुरू करणार आहेत. मोठ्या कंपन्या या मेळाव्यात जे करतात, ते तुम्ही लहान प्रमाणात करू शकता. लाखाची प्रायोजकी लागत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या कंपनीकडे सहज नसते : भाषा आणि गिऱ्हाईक. वर्डप्रेस, लिबरऑफिस, फायरफॉक्स मराठीत आहेत, कारण कोणीतरी बसून शब्द न् शब्द मराठीत आणला. त्या कामात नवीन हात नेहमी लागतात. आपल्या कृषी केंद्रवाल्याला 'इन्व्हेंटरी' समजत नाही, 'शिल्लक माल' समजतो, हे तुम्हाला माहीत आहे. हे काम केलं की प्रकल्पाच्या लोकांत तुमचं नाव होतं, आणि उद्या नागपूरच्या एखाद्या कंपनीला अकोट, तेल्हारा, अंजनगाव या पट्ट्यात माणूस लागला की ती तुम्हाला फोन करते. चक्कीचा नियम तुम्हालाही लागू आहे. तुमची चक्की कोणती, ते आधी ठरवा.

प्रवासाचा खर्च जमत नसेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पापासून सुरुवात करा. खुली सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ तिथं मराठीतही आहेत, फुकट. लिबरऑफिसचे आधी पाहा, दुकानाला लगेच कामी येतात.

या रविवारचा गृहपाठ

दुकान बंद झाल्यावर अर्धा तास काढा. सध्या जे बिलिंग सॉफ्टवेअर वापरता, त्यातून गिऱ्हाइकांची यादी आणि गेल्या महिन्याची बिलं एक्सेल किंवा सीएसव्हीत बाहेर काढा. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिसमध्ये उघडा. मराठी नावं नीट दिसतात का? उधारीची रक्कम जुळते का? जीएसटीचे रकाने पूर्ण आहेत का?

जुळलं तर फाइल पेनड्राइव्हवर घ्या, तारीख लिहा आणि दर महिन्याला हेच करा. नाही जुळलं तर सोमवारी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि पहिला प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव न घेता. पुढच्या व्हिडिओत त्यातली अडलेली दोन-तीन उदाहरणं घेऊन डेटा कसा काढायचा ते स्क्रीनवर करून दाखवतो.